चकमकीच्या ठासणीच्या रायफलचा नेम: नळीला दोष देण्याआधी

उदगीरचा खरादी (धागाकर्ता)

नमस्कार. मी तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक होतो आणि निवृत्तीनंतर उदगीरला राहतो. गेल्या सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात मुलाकडे होतो. त्या राज्यात 1974 पासून हिवाळ्यात केवळ चकमकीच्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून गारेच्या ठिणगीने पेटवायच्या, बंदुकांसाठी राखलेला शिकारीचा हंगाम असतो आणि त्यामुळे हे दोनशे वर्षांपूर्वीचे हत्यार तिकडे अजून वापरात आहे. माझ्या मुलाला शिकारीत रस नाही. त्याने कागदी निशाणावर नेमबाजी करण्यासाठी अर्ध्या इंचाच्या, म्हणजे 12.7 मिलिमीटर नळीची एक रायफल घेतली. मी पोहोचलो तेव्हा 50 यार्डांवर त्याच्या पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात कशाबशा बसत होत्या. मी परत निघालो तेव्हा त्या आमटीच्या वाटीएवढ्या वर्तुळात बसू लागल्या होत्या. मधल्या सहा महिन्यांत काय केले, ते येथे लिहितो.

मुलाचे पहिल्या दिवसापासून एकच म्हणणे होते, की नळी खराब आहे आणि ती बदलावी. खराद चालवणाऱ्या माणसाला नळीविषयी बोलण्याची खुमखुमी असतेच. त्यामुळे मीही आधी नळीच तपासली. आतले आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, स्वच्छ होते, पीळ 66 इंचांत एक फेरा असा मंद होता, आणि चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला असाच मंद पीळ मानवतो. नळीच्या तोंडाची कड तेवढी एका बाजूला धारदार लागली. एवढ्यावरून गोळ्या ताटभर पसरणार नाहीत, हे मला दिसत होते.

खरा घोळ चाप ओढल्यापासून बार होईपर्यंतच्या वेळात होता. चाप ओढला की घोडा पुढे पडतो, त्याच्या जबड्यातली गार (चकमकीचा दगड) पोलादी पट्टीवर घासत खाली येते, पट्टी मागे उलटते आणि तिच्याखालची रंजकेची, म्हणजे आग लावणाऱ्या चिमूटभर दारूची, वाटी उघडी पडते, ठिणग्या वाटीत पडून रंजक पेटते आणि तिची आग नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचते. ज्याला तोफेचा कान म्हणतात, तोच हा बंदुकीचा कान. हे सगळे साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकते, परंतु आधुनिक रायफलच्या तुलनेत हा वेळ फार मोठा आहे आणि तेवढ्यात खांदा हलतो, डोळा मिटतो, मान वर उचलली जाते. त्यातही घातक गोष्ट अशी, की हा वेळ दर बारागणिक बदलतो. एकदा ‘खट्‌-धाड’ एकत्र ऐकू येते, तर पुढच्या वेळी ‘खट्‌… फुस्स… धाड’ असे तीन आवाज सुटे मोजता येतात. वेळ लांब असली तरी सारखी असेल तर हात सवय लावून घेतो. ती दरवेळी वेगळी असेल तर सवय लागायलाही जागा उरत नाही.

म्हणून आम्ही कामाला सुरुवात गारेपासून केली. पुष्कळांचा समज असतो, की ठिणगी दगडातून निघते. प्रत्यक्षात दगडाची तीक्ष्ण धार पोलादाचे अतिसूक्ष्म कपचे खरवडते आणि ते कपचेच तापून हवेत जळतात. म्हणजे दगडाला धार हवी आणि पोलाद चांगले कडक हवे. मुलाच्या रायफलमध्ये गार तिरकी बसली होती, तिचा एकच कोपरा पट्टीला लागत होता आणि पट्टीवर त्याचा एकच चर पडला होता. आम्ही चामड्याचा नवा तुकडा घेऊन त्यात गार पुन्हा बसवली, तिची धार पट्टीशी समांतर केली आणि ती पट्टीच्या वरच्या तिसऱ्या भागावर टेकेल, असे पाहिले. नळी रिकामी आणि वाटी कोरडी ठेवून संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत घोडा पाडून पाहिला. आधी तीन-चार लाल ठिणग्या पडत. आता पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा झुबका थेट वाटीत पडू लागला. ठिणगीचा रंग हा तिच्या उष्णतेचा हिशेब आहे, हे खरादीला वेगळे शिकवावे लागत नाही.

त्यानंतर कान. त्याचा व्यास सुमारे 1.6 मिलिमीटर होता आणि तो योग्यच होता, पण आत दारूची काजळी साचून तो अर्धा बुजला होता. प्रत्येक बारानंतर तांब्याची बारीक तार घालून तो साफ करण्याचा नियम केला. रंजकेच्या बाबतीत मुलाची सवय वाटी काठोकाठ भरण्याची होती. तसे केले तर कानात दारूचाच बोळा बसतो आणि वातीसारखी ती कणाकणाने जळत आत जाते. रंजक बेताची घेतली, कान मोकळा राखला, तर धग थेट आत झेपावते. एवढ्या दोन बदलांनी ताटाची ताटली झाली.

राहिलेले प्रतिसादांत लिहीन. एवढा लेख दोन बोटांनी टंकणे म्हणजे मला लोखंड तासण्यापेक्षा अवघड काम आहे.

---

गोदाकाठ

काका, लेख आवडला. एक खुलासा हवा आहे. आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी ठासणीच्या सगळ्याच हत्यारांना बंदूक म्हणतात. आपण मात्र आवर्जून रायफल म्हणत आहात. नळी आतून गुळगुळीत असेल तर आपण सांगितलेल्या गोष्टींचा कितपत उपयोग होतो? आणि गोळी चिंधीत गुंडाळतात म्हणजे नेमके काय करतात?

---

उदगीरचा खरादी

गारेचे आणि कानाचे सगळे दोन्हींना सारखेच लागू आहे. फरक पडतो तो गोळी नळीतून सुटल्यानंतर. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिचा मार्ग सरळ राहतो. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी शेवटचा धक्का जिकडून लागेल तिकडे झुकते.

चिंधीविषयी सविस्तर लिहितो, कारण निम्मा नेम तिच्यात आहे. नळी 12.7 मिलिमीटरची असेल तर गोळी साधारण 12.45 मिलिमीटरची घेतात, म्हणजे ती नळीत सैल असते. तिच्याखाली घट्ट विणीच्या सुती कापडाची, तेल किंवा चरबी लावलेली गोल चिंधी ठेवून दोन्ही मिळून ठासतात. चिंधी आट्यांत दाबली जाते, आट्यांचा पीळ चिंधी पकडते, आणि चिंधी गोळीला फिरवते. मुलगा जुन्या सदऱ्याचे कापड वापरत होता. मी मायक्रोमीटर लावला तर एका बाजूला 0.25 आणि दुसऱ्या बाजूला 0.30 मिलिमीटर भरले. आम्ही गादीच्या खोळीचे जाड, घट्ट कापड आणले, ते सगळीकडे 0.45 च्या आसपास होते, आणि कोऱ्या कापडाची खळ जाण्यासाठी ते आधी धुऊन घेतले.

चिंध्या हा या विद्येतला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. बार झाल्यावर त्या दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या सापडतात. त्या गोळा करून पाहाव्यात. मधोमध गोळीच्या बुडाचा काळा डाग आणि कडेला आट्यांच्या खुणा एवढेच दिसले, तर सगळे ठीक आहे. मध्ये जळून भोक पडले असेल, तर चिंधी पातळ आहे किंवा तेल कमी पडले आहे. कडेला सुरीने कापल्यासारखी चीर असेल, तर नळीच्या तोंडाची कड कापते आहे. आमच्या पहिल्या दहा चिंध्यांपैकी सात चिरलेल्या निघाल्या, आणि चीर प्रत्येक वेळी एकाच बाजूला होती. तोंडाच्या ज्या धारदार कडेकडे मी सुरुवातीला काणाडोळा केला होता, तिचा हा पुरावा. तेथील परवानाधारक कारागिराकडून ती कड बारीक पॉलिश कागदाने गोलसर करून घेतली, तेव्हा चिंध्या अखंड येऊ लागल्या. नळीला दोष देऊ नका, असे मीच वर लिहिले आहे. ही चूक मला मान्य आहे.

---

निशाण (परभणी)

मी शाळा-महाविद्यालयांतील मुलांना एअर रायफल शिकवतो. चकमकीची रायफल मी केवळ पाहिली आहे. तरीही आपल्या पहिल्या लेखातील वेळेचा मुद्दा मला फार ओळखीचा वाटला. आमच्याकडे छरा अगदी थोडक्या वेळात नळीबाहेर पडतो, आणि तरीही चाप ओढताक्षणी डोके वर करणारी मुले गुण घालवतात. छरा लागल्यानंतरही मनात दोन अंक मोजून होईपर्यंत माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेम धरायचा खुंट) निशाणावरून हलवायची नाही, हा आमचा पहिला धडा असतो. आपल्या रायफलला तर हा धडा दहापट लागू असणार. शिवाय डोळ्यांपासून वीतभर अंतरावर रंजकेचा भडका उडतो. त्याने पापणी मिटतेच. यावर आपल्या चिरंजीवांनी काय केले?

---

उदगीरचा खरादी

सर, आपण बरोबर जागी बोट ठेवले. त्याची पापणी मिटत होती आणि त्याला ते मान्य नव्हते. एके दिवशी मी रंजक भरण्याचे काम माझ्याकडे घेतले आणि त्याला न सांगता मधूनच वाटी कोरडी ठेवू लागलो. घोडा पडला, बार झाला नाही, आणि नळीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर वाद संपला. मग त्याने महिनाभर घरात गारेच्या जागी लाकडाचा तुकडा बसवून रिकाम्या रायफलवर रोज वीस-पंचवीस वेळा सराव केला. लाकडामुळे पोलादी पट्टी झिजत नाही आणि गारही वाया जात नाही. मोठ्या काचांचा संरक्षक चष्मा आणि कानांवर आवाज अडवणारी बोंडे या गोष्टी आम्ही पहिल्या दिवसापासून सक्तीच्या केल्या होत्या. डोळा सुरक्षित आहे, हे मनाला पटले की पापणी पुष्कळ शांत होते.

एक सूचना याच ओघात देतो. बार झाला नाही म्हणून रायफल लगेच खाली घेऊन वाटीत डोकावू नये. आतली दारू उशिरा पेटू शकते. नळीचे तोंड किमान एक मिनिट निशाणाकडेच राहू द्यावे.

---

आसईचा वाटसरू

विषय नेमाचा आहे म्हणून आमच्या भागातली एक गोष्ट नोंदवतो. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या मध्ये आसई गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांची लढाई झाली. कंपनी सरकारच्या पायदळाच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींकडेही तशाच होत्या. त्या बंदुकांची नळी सुमारे 0.75 इंचाची, गुळगुळीत होती आणि गोळी 0.69 इंचाच्या आसपास. एवढी फट मुद्दाम ठेवलेली असे. काजळी साचलेल्या नळीतही गोळी झटपट ठासता यावी, हा त्यामागचा उद्देश. म्हणजे तेथे वेगासाठी नेम सोडून दिला होता आणि तो अनेक बंदुका एकदम झाडून भरून काढला जात असे. काकांनी चिंधीचे जे वर्णन केले, ती त्याच्या नेमकी उलट बाजू आहे: तेथे फट भरून काढली जाते आणि वेळ सोडून दिला जातो. काकांच्या उदगीरलाही 3 फेब्रुवारी 1760 रोजी निजामाविरुद्धच्या लढाईत इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ मराठ्यांच्या बाजूने होते, याची आठवण झाली.

---

किनवटकर

चर्चा वाचून कोणी उत्साहाच्या भरात घरातली जुनी बंदूक खाली काढण्याआधी दोन गोष्टी लिहितो. आमच्या घरी पीकरक्षणाचा परवाना आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. परंतु तो परवाना त्या कामापुरताच असतो, बांधावर डबे ठेवून नेमबाजी करण्यासाठी नव्हे. त्याच अधिनियमाच्या कलम 5 नुसार शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी करणाऱ्यालाही परवाना लागतो. तेव्हा गावातल्या खराद मशीनवर नळीचे तोंड गोल करून घेणे हा गुन्हा ठरू शकतो, मग कारागीर कितीही हुशार असो.

आमची बंदूक टोपीची, म्हणजे स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणारी आहे, गारेची नाही, आणि तिचा नेम कसा आहे ते न विचारलेले बरे. माझा एक प्रश्न आहे. मोजमाप न करता शिंगातून थेट नळीत दारू ओतणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्याने नेमात फरक पडतो, की तो केवळ धोका आहे?

---

उदगीरचा खरादी

किनवटकर, आपण हे लिहिलेत हे फार बरे झाले. मी स्वतः तेथेही नळीला हात लावला नाही. आणि उदगीरला तर घरातल्या खरादीवर मी फक्त देवघरातल्या समया दुरुस्त करतो.

शिंगातून थेट ओतणे हे दोन्ही अर्थांनी वाईट आहे. नळीत एखादा निखारा शिल्लक असेल तर हातातले अख्खे शिंग पेटते, म्हणून दारू आधी वेगळ्या मापात घ्यायची आणि शिंग बंद करून दूर ठेवायचे. नेमाच्या दृष्टीने पाहिले तर माप दरवेळी सारखे असणे महत्त्वाचे. रायफल बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आत राहून आम्ही 50 ग्रेनपासून सुरुवात केली आणि पाच-पाच ग्रेनने वाढवत प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या वेगळ्या कागदावर झाडल्या. 65 ग्रेन, म्हणजे साधारण 4.2 ग्रॅमला पुंजका सर्वांत लहान आला. त्यापुढे दारू वाढवली तशा गोळ्या पुन्हा पांगू लागल्या. जास्त दारू म्हणजे जास्त नेम, हा समज तेथल्या जुन्या मंडळींतही आढळला. आणि हे सगळे केवळ काळ्या दारूविषयी आहे. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू अशा नळीत चुकूनही घालू नये, नळी फुटते.

गोळ्यांचे वजनही केले. शुद्ध शिशाची त्या मापाची गोळी सुमारे 11.4 ग्रॅम भरते. सोनाराच्या काट्यासारखा लहान काटा आणून शंभर गोळ्या तोलल्या, तेव्हा सहा-सात लक्षणीय हलक्या निघाल्या. ओतताना आत हवेचा पोकळ फुगा राहिला की असे होते आणि तशी गोळी फिरताना लडबडते. त्या पुन्हा वितळवल्या.

आणखी एक गोष्ट गजाची, म्हणजे गोळी ठासायच्या दांडीची. गोळी दारूवर पूर्ण टेकली की नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवावी. खूण तोंडाच्या वर राहिली तर गोळी अधांतरी आहे असे समजावे. तशा स्थितीत बार केला तर नळी फुगते. मलाही या खुणेने एकदा वाचवले आहे, पण वेगळ्या प्रकारे. नोव्हेंबरमध्ये एका थंड सकाळी गप्पांच्या नादात मी दारू न घालताच गोळी ठासली. रंजक दोनदा जळाली, बार होईना. खूण पाहिली तर ती तोंडाच्या दोन बोटे खाली गेलेली. रंजक जळाल्याने आधी ठरलेले मिनिट थांबलो. मग कानातून सुईच्या टोकाने चिमूटभर बारीक दारू आत सारली, गोळी गजाने पुन्हा घट्ट टेकवली, रायफल निशाणाच्या बांधाकडे धरली आणि चाप ओढला. ‘पुक्‌’ असा आवाज करून गोळी पंधरा पावलांवर गवतात पडली. फुसका बार या शब्दाचा अर्थ मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळला. मुलगा अजून ती गोष्ट फोनवर सुनेच्या माहेरच्यांना सांगतो.

---

गारगोटी (अंबाजोगाई)

मी भूगोल शिकवते. काका, आपल्या बालाघाटच्या काळ्या खडकात पोकळ्या असतात आणि त्यांत कॅल्सेडनी व अगेट या गारा तयार होतात. खडक झिजला की त्या शेतात सुट्या होऊन वर येतात. नांगरताना त्या लागतात, हे येथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. माझ्या आजोबांच्या चंचीत पोलादाची वाकवलेली पट्टी, अशाच गारेचा तुकडा आणि सावरीचा कापूस असे, आणि ते त्यावर विडी पेटवीत. ही गार रायफलला चालेल का, हे आपण पाहिले का?

---

उदगीरचा खरादी

ताई, आपण मनातले विचारले. निघताना मी शेतातल्या दोन मुठीएवढ्या गारा मुद्दाम बॅगेत टाकल्या होत्या, आणि सुनेने त्या पाहून कपाळावर हात मारला होता. तेथे साधारणपणे इंग्लंडच्या सफोक परगण्यातील ब्रँडनची काळी गार किंवा फ्रान्सची मधाच्या रंगाची गार वापरतात. आपली कॅल्सेडनी फोडायला फार हट्टी आहे. पहिल्या चार तुकड्यांचा चुरा झाला आणि पाचव्याला मनासारखी सरळ धार आली. ठिणग्या उत्तम पडल्या. परंतु ब्रँडनच्या गारेची धार बोथट झाली की हलक्या हाताने कडेचे कपचे काढून ती पुन्हा जिवंत करता येते, तसे हिचे झाले नाही. अकरा बार झाल्यावर धार गोल झाली, कपचे काढायला गेलो तर तुकडा मधून दुभंगला, आणि तेवढ्यात तिने पोलादी पट्टीही नेहमीपेक्षा जास्त खरवडली होती. त्या अकरांतला एकही बार चुकला नाही, हे मात्र अभिमानाने नमूद करतो.

---

निशाण (परभणी)

दर बारानंतर नळी पुसत होता का? आणि पुंजका लहान झाल्यावर तो निशाणाच्या मध्यावर कसा आणला? अशा रायफलला आमच्यासारखे फिरवायचे स्क्रू नसणार.

---

उदगीरचा खरादी

पुसत होतो, आणि दरवेळी एकाच पद्धतीने: एक ओलसर चिंधी, मग एक कोरडी. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते. पाऊस असेल त्या दिवशी ती चिखलासारखी होते, कोरड्या थंडीत तीच खरपुडीसारखी कडक होते, आणि न पुसता ठासले तर प्रत्येक गोळीला वेगळा दाब बसतो. पुसताना चिंधी फार ओली नको, नाहीतर पाणी बुडाशी उतरून पुढचा बार भिजतो.

स्क्रू नाहीत, हे खरे. माशी खाचेत बसवलेली असते. ती पितळी ठोकळा ठेवून हातोडीने हळूच सरकवतात. गोळ्या उजवीकडे लागत असतील तर माशीही उजवीकडे सरकवायची. मागची, नेम पाहण्याची खाच सरकवायची असेल तर मात्र डावीकडे. किती सरकवायची, याचा हिशेब सोपा निघाला, कारण आमच्या रायफलची माशी आणि मागची खाच यांत 36 इंच, म्हणजे बरोबर एक यार्ड अंतर होते आणि निशाण 50 यार्डांवर. म्हणून चुकीचा पन्नासावा भाग. पुंजका साडेबारा सेंटिमीटर उजवीकडे होता, तर माशी अडीच मिलिमीटर सरकवली. खालीवर करायचे असेल तर गोळ्या खाली लागताना माशी कानशीने उतरवायची. येथे घाई केली तर धातू परत लावता येत नाही, म्हणून विकत घेताना माशी उंचच असते. आम्ही कानशीचे चार हात मारायचो आणि मग पाच गोळ्या झाडायचो. शेवटच्या दिवशी पुंजका मध्यापासून अजून दोन बोटे खाली होता. उरलेली माशी मुलगा उन्हाळ्यात उतरवणार आहे. मी त्याला सपाट बारीक कानस देऊन आलो आहे आणि दर वेळी किती हात मारले ते वहीत लिहायला सांगितले आहे.